आसाम म्हणजे आंबट

बाळ्या,

तुला आधी वाईट बातमी सांगून टाकतो. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचं तुझ्या मावशीचं कौलारू घर होतं नव्हं, पुढं चिकूचं झाड असलेलं, ते गेलं. आता तिथं चार मजले आणि खाली कॅफे, एका कॉफीच्या पैशात आपली कॉलेजातली आठवड्याची चहाची उधारी फिटली असती. आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत असं एकेक बंगला करत सगळंच चाललंय, स्मार्ट सिटी की काय ती.

पण त्या बिल्डिंगच्या मागं जिन्याखाली एक दुकान सापडलंय बघ, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. सगळा माल बाहेरचा, जास्त करून मलेशियाचा. मला वाटलं इथं कोण घेतंय हे, तर मालक म्हणाला, इथल्या केएलई कॉलेजात मलेशियाची पोरं मेडिकलला येतात की, २०१० पासनं त्यांचा वेगळा कोर्सच आहे, मी आधी नेहरूनगरात त्यांच्या रूमवर पिशव्या पोचवायचो. गडी मराठी, कन्नड बोलतोच, वर मला तेरिमा कासिह म्हणजे थँक्यू हेपण शिकवलं. त्या पोरांना घरच्या जेवणाची आठवण येते त्यावर ह्याचं दुकान चाललंय, आणि आता कॅफेवाली मंडळी पण येतात, फोटो काढून ऑलिव्ह ऑइल घेऊन जातात.

तिथं एक पाकीट दिसलं, आसाम कपिंग. मी शहाण्यासारखं विचारलं, चहापत्ती काय? मालक हसला, म्हणाला मलाय भाषेत आसाम म्हणजे आंबट. उघडून बघतो तर वाळवलेल्या काळपट चकत्या, कोकमाच्याच जातीचं झाड ते. माशाच्या आमटीत घालतात म्हणे! आणि ब्लाचान नावाची एक वडी, बारीक कोळंबी आंबवून केलेली, कागद सोडला आणि थेट आमच्या घरात जवळा भाजला की शेजारच्या काकू धाडकन खिडकी लावायच्या ते आठवलं. हे सगळं इम्पोर्टेड हां, मागं स्टिकरवर इम्पोर्टरचा पत्ता, सगळं रीतसर.

खरी गंमत पांदानची. केवड्याच्या घराण्यातलं झाड, पण ह्याचा वास फुलाला नाही, पानाला. चार पानं घरी आणली आणि कुकरला साध्या सोनामसुरीत एक गाठ मारून टाकलं. शिट्टी झाली तशी आई बाहेरच्या खोलीतनं उठून आत आली, म्हणाली इथल्या येळ्ळूर गावचा बासमती कुणी दिला रे? मी म्हटलं हा मलेशियाचा पाला आहे, तर ऐकेनाच. मग मी शोधलं, पांदानात आणि बासमतीत वास देणारा पदार्थ एकच निघाला, म्हणजे म्हातारीचं नाक बरोबर होतं. नंतर जेवताना ती गप्पच होती, दोनदा भात मागून घेतला, एवढ्यात असं कधी केलं नव्हतं तिनं.

मालकाचा करार अकरा महिन्यांचा, पुढच्या वेळी भाडं वाढणार म्हणतोय, परत नेहरूनगरला जाईन म्हणाला. त्याच्या आत ये तेवढं. आणि येताना पुण्याचं काही आणू नको, आईनं येळ्ळूरचा तांदूळ शोधायला सांगितलाय, तुझ्या मामाची शेती तिकडंच की, त्यांना एक फोन करून विचार, पाच किलो तरी मिळतो काय बघ.

तुझा,
सुन्या