गटप्रकल्पाचे साधन आधी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पारखावे

मा. संपादक यांस,

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पांना (प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या अभ्यासाला) स्थान मिळाले, त्याबरोबर गटाने करावयाचे लेखनही वाढले आणि ते ऑनलाइन सामायिक दस्तऐवजातच व्हावे असा आग्रह धरला जाऊ लागला. हा आग्रह मला गैर वाटत नाही. त्यासाठीच्या साधनाची, म्हणजे ॲपची, निवड मात्र बहुधा विभागातील संगणकावर, महाविद्यालयाच्या वायफायवर होते आणि ते चालवायचे असते अक्कलकोट किंवा मोहोळहून एसटीने ये-जा करणाऱ्या, सगळे काम मोबाइलवरच उरकणाऱ्या विद्यार्थ्याला. गूगल डॉक्समध्ये इंटरनेटशिवायही लिहिता येते, पण त्यासाठी ती फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावी लागते, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर अशा दस्तऐवजात चिकटवला की अगम्य चिन्हे उमटतात. डीटीपी केंद्रातून टंकून आणलेली पाने त्यामुळे युनिकोडमध्ये (सर्व उपकरणांवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतरित करून घ्यावी किंवा पुन्हा लिहावी लागतात.

यापेक्षा गंभीर प्रश्न गुणांचा आहे. दस्तऐवजाच्या आवृत्ती-इतिहासात कोणत्या खात्यातून कधी काय बदलले ते दिसते आणि त्यावरून कोणी किती काम केले हे ठरवण्याचा मोह शिक्षकाला होतो. मलाही झाला होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती घेतल्या. गटात तेलुगू येणारी एकच विद्यार्थिनी होती. तिने घरोघरी जाऊन कामगारांना बोलते केले आणि सारे वहीत मराठीत उतरवले. ज्याच्याकडे लॅपटॉप होता त्याने वही समोर ठेवून टंकले. इतिहासात अर्थातच पानेच्या पाने त्याच्या नावावर दिसली, तिच्या नावावर शुद्धलेखनाच्या पाच-सहा दुरुस्त्या! वही पाहायला मागितली नसती, तर ज्या मुलीमुळे प्रकल्प उभा राहिला तिलाच मी सर्वांत कमी गुण दिले असते. (टंकणाऱ्याचे कष्टही खोटे नव्हते, हे नमूद करायला हवे.)

म्हणून कोणतेही साधन सक्तीचे करण्यापूर्वी गटातील सर्वांत साध्या मोबाइलवर आणि सर्वांत कमी रेंज असलेल्या गावातून आठवडाभर ते वापरून पाहावे. सूचना व्हॉट्सॲपवर आणि लेखन सामायिक दस्तऐवजात, एवढी विभागणी बहुतेक गटांना पुरते. कोणी कोणते काम करायचे याची नोंद ठेवणारी आणखी ॲप्स लादली की तीच कामे दोनदा नोंदवावी लागतात. गुण देताना मात्र आवृत्ती-इतिहासाच्या जोडीला मुलाखतीच्या वह्या आणि प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा असावी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने क्षेत्रप्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी संलग्न महाविद्यालयांना अशी लेखी सूचना द्यावी, ही विनंती.

– एक प्राध्यापिका, सोलापूर