बसमधून उतरताना झालेली दुखापत आणि तुम्ही पाठवलेले तडजोडपत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : तडजोडपत्र सहीविना परत, वाहन, चालक व विम्याची माहिती मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या रात्रीच्या बसमधून उतरताना माझी आई पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. तिकीट माझ्या खात्यावरून काढलेले होते, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. तुमच्या कार्यालयाने घरी पाठवलेले छापील तडजोडपत्र सही न करता सोबत परत पाठवत आहे. "माणुसकीच्या नात्याने देतोय, घेऊन टाका" यापलीकडे तुमचे प्रतिनिधी फोनवर काही बोलत नाहीत, तेव्हा आमचे म्हणणे लेखीच मांडते.

आधी घडले ते सांगते, कारण तुमच्या कागदात "प्रवासी चालत्या गाडीतून उतरल्या" असे लिहिले आहे आणि ते खोटे आहे. गाडी थांबलेली होती. क्लीनरने दार उघडून लवकर उतरायला सांगितले. आईचा एक पाय खाली टेकला होता, दुसरा अजून पायरीवर होता आणि उजवा हात दांडीवर होता. तेवढ्यात चालकाने गाडी पुढे काढली. हात सुटला आणि ती त्याच हातावर आपटली. मागे उतरायला उभ्या असलेल्या प्रवाशांनी आरडाओरडा केला म्हणून गाडी थांबली. क्लीनरने तिची पिशवी खाली आणून ठेवली आणि गाडी निघून गेली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात इतका सुजला होता की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली आहे.

जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे ही मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १३४ने चालकावर किंवा वाहनाचा ताबा असणाऱ्यावर टाकलेली कर्तव्ये आहेत. पोलिसांत नोंद आम्ही केली, रुग्णालयात अनोळखी प्रवाशांनी नेले. विमा कंपनीला तरी कळवले का, या प्रश्नाला तुमच्याकडून आजपर्यंत उत्तर नाही.

आता तुमच्या मुद्द्यांकडे येते. तिकिटाच्या अटींत "प्रवासात झालेल्या इजेस कंपनी जबाबदार नाही" असे छापले आहे आणि आम्ही ती अट मान्य करूनच तिकीट काढले, असे तुम्ही म्हणता. याच कायद्याचे कलम ९२ तुमच्या विधी सल्लागाराने वाचावे. परवाना असलेल्या वाहनातून प्रवासी नेण्याच्या करारात मृत्यू किंवा शारीरिक इजेची जबाबदारी नाकारणारी किंवा कमी करणारी अट असेल, तर तेवढी अट रद्दबातल ठरते. गाडीत बसलेला असताना, चढताना आणि उतरताना, तिन्ही प्रसंग त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. कायद्याने रद्द ठरवलेले वाक्य प्रत्येक तिकिटावर छापून लोकांना घाबरवणे तुम्ही थांबवावे, हीही माझी तक्रार समजा. ते वाचून किती जखमी माणसे मुकाट्याने घरी बसली असतील!

गाडी भाड्याने घेतलेली आणि चालक कंत्राटी, हा तुमच्या आणि गाडीमालकाच्या आपसातला प्रश्न आहे. वाहन ज्याच्या नावावर नोंदलेले आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेच तर आम्ही विचारत आहोत. पण तिकिटाचे पैसे तुम्ही घेतलेत आणि सेवाही तुमच्याच नावाने विकलीत, त्यामुळे ग्राहक म्हणून जाब आम्ही तुम्हालाच विचारणार.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. तडजोडपत्रातल्या "उत्पन्नाचे नुकसान" या रकान्यात तुमच्या माणसाने पेनने लिहिले आहे : "गृहिणी, निरंक".

आमचे घर आईच्या उजव्या हातावर चालते. कणीक मळणे, धुणे पिळणे, माझ्या आजीला उठवून बसवणे आणि तिला आंघोळ घालणे ही तिची रोजची कामे. आज तिला कुलपात किल्ली फिरवता येत नाही. ती डाव्या हाताने फिरवते आणि उजवा पोटाशी धरून ठेवते. आजीसाठी पगारी बाई ठेवावी लागली. तिच्या पगाराचा आकडा तुमच्या त्याच रकान्यात बसला असता, पण तेच काम आई करते तेव्हा त्याची किंमत शून्य? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात गृहिणीच्या कामाचे मोल काल्पनिक उत्पन्न धरून मोजलेच पाहिजे, असे सांगितले आहे. तो खटला मृत्यूचा होता, पण घरकामाला मोल आहे हे तत्त्व इजेलाही तितकेच लागू पडते. २०१९च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणाचा आधारही त्यात घेतलेला आहे : घरच्या विनामोबदला कामात स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७.

हाताला किती टक्के अपंगत्व आले एवढ्यावरही हिशेब संपत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात न्यायालयाने उदाहरण दिले आहे की डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. म्हणजे त्या माणसाचे काम त्या हातावाचून किती अडते, हे पाहायचे असते. उपचार, प्रवास, पुढची शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना हे सगळे वेगवेगळे धरायचे असते. तुम्ही देऊ केलेली रक्कम रुग्णालयाच्या बिलाच्या निम्मीसुद्धा नाही आणि प्लेट काढायची वेळ आली तर तो खर्च त्यात कुठेच नाही. शिवाय त्याच कागदात "यापुढे कोणत्याही न्यायालयात वा प्राधिकरणात दावा करणार नाही" अशी ओळ आहे. हात पुढे किती वळेल हे अजून डॉक्टरही सांगू शकत नाहीत. अशा वेळी सगळे हक्क सोडून द्यायला सांगता आणि त्याला माणुसकी म्हणता?

तडजोडीला आमची ना नाही. अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीने अधिकारी नेमावा आणि त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर तडजोडीचा प्रस्ताव ठेवावा, अशी सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९मध्ये आहे. ती वाट तुम्ही माहिती दडवून अडवून धरली आहे. दुसरीकडे कलम १६६खाली दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे आणि तुमचे "प्रकरण वरिष्ठांकडे आहे" हे उत्तर ऐकण्यात ती मुदत सरत चालली आहे.

तेव्हा वाहनाच्या नोंदणीची आणि परवान्याची प्रत, चालकाचे नाव व परवाना, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीला अपघात कळवल्याची पोच हे सर्व पंधरा दिवसांत लेखी पाठवावे. दावा करणाऱ्याने विचारल्यावर विम्याची माहिती नाकारता येत नाही. दाराजवळच्या कॅमेऱ्याचे त्या पहाटेचे चित्रण जपून ठेवावे; ते पुसले गेले तर ते कोणाच्या ताब्यात होते, हे आम्ही न्यायाधिकरणाला सांगू. चालत्या गाडीतून उतरल्याचे विधान लेखी मागे घ्यावे. कोणालाही आमच्या घरी सही घ्यायला पाठवू नये.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा अर्ज वकिलांनी तयार केला आहे. तुमचे उत्तर येवो वा न येवो, तो मुदतीत दाखल होईल. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्कही आम्ही राखून ठेवत आहोत.

कळावे,

तिकीटधारक ग्राहक व जखमी प्रवाशाची मुलगी

सोबत : सही न केलेले तडजोडपत्र, तिकिटाची प्रत, पोलीस नोंदीची प्रत, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड व बिले