पोटरीपासून कमरेपर्यंत

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

काल फोनवर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सायटिकाची कळ सुरू होऊन नऊ दिवस झाले, हे पलंगावरच आहेत. आंघोळीपुरते उठतात." तू फोनवर आलाच नाहीस. आला असतास तरी 'हो हो' करून क्रिकेटवर गेला असतास. म्हणून पत्र. पडल्या पडल्या वाच, पण वाचून झालं की ऊठ.

गेल्या पावसाळ्यात मी सिलिंडर उचलला आणि वाकलेलाच राहिलो. दोन दिवस नुसती कंबर, मग कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट करंगळीपर्यंत. शिंक आली की भिंत धरायची. आईने लगेच पायाळू माणूस शोधला. गल्लीतलंच बारावीचं पोरगं. लाजत लाजत माझ्या पाठीला तीनदा पाय लावून चहा पिऊन गेलं. साधी उसण असती तर गेलीही असती कदाचित. ही सायटिका होती.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता पाय वर नेला. निम्म्यावरही गेला नसेल, मी ओरडलो. मग त्यांनी समजावलं. सायटिक ही शरीरातली सगळ्यात जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. तिची मुळं कमरेच्या तळातून निघतात. तिथल्या दोन मणक्यांमधल्या गादीतला गर मागे सरकतो, मुळावर दाबतो आणि त्याला सुजवतोही. म्हणजे ठणकते पोटरी, पण चेमटलंय वर कमरेत. मी आठवडाभर पोटरीला तेल चोळत होतो! आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी चाल होते म्हणून. आरशासमोर दोन पावलं टाकून बघ, नाव किती नेमकं आहे ते पटेल.

आता तुझ्या पलंगाबद्दल. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली छापून आला. निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं, बाकीच्यांना नाही. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे सारखेच, ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे झोपणाऱ्यांच्या पदरात जास्तीचं काहीच पडलं नाही. बहुतेकांचा बाहेर आलेला गर शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, फक्त त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर चालायचं. मी अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा चालायचो. एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही.

माझ्यासाठी खरा उपाय निघाला पालथं पडणं. आधी नुसतं पालथं, मग कोपरांवर, मग भुजंगासनासारखं हातांवर, पण कुल्ले सैल सोडून. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झीची. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला, आणि पाच मिनिटांत त्याच्या पायातली कळ गेली. चुकीतून सापडलेलं शास्त्र, आपल्या बारावीच्या निकालासारखं.

चौथ्या दिवशी माझी पोटरी शांत झाली आणि कंबर मात्र जास्त ठणकायला लागली. मी घाबरून बाईंना फोन केला. त्या हसल्या. कळ पायातून वर सरकून कमरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण. उलट व्यायाम करताना ती खाली पावलाकडे उतरली, तर तिथेच थांबायचं. वयस्कर लोकांमध्ये नसांचा मार्गच अरुंद झालेला असतो, त्यांना बऱ्याचदा पुढे वाकल्यावर बरं वाटतं. म्हणून माझं बघून सुरू करू नकोस, आधी कुणाकडून तरी तपासून घे.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकू नकोस. रात्रभरात गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात. मी बूट सोडून चपला घातल्या, बादली अर्धीच भरली. 'पाय ताणून पश्चिमोत्तानासन कर' असं सांगणारे भेटतीलच. मी दोन दिवस त्यांचं ऐकलं आणि रात्री रडलो. आणि मागच्या खिशातलं ते जाडजूड पाकीट काढ, त्यात पैसे नसतातच, नुसत्या पावत्या.

गोळ्यांशी माझं भांडण नाही. मला पित्त होतं म्हणून मी टाळल्या. तुला दिल्या असतील तर मनाने बंद करू नकोस.

एक मात्र गंमत नाही. लघवी अडली किंवा झालेली कळेना, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली किंवा पंजा उचलेना, तर व्यायाम नाही, फिजिओ नाही. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. हे वहिनींनाही वाचून दाखव.

शनिवारी फोन करतो. कळ कुठवर वर आली ते विचारीन.

तुझा,
नाना