वहीतला रकाना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, उतारवयात स्मरणशक्ती टिकावी म्हणून वजनांच्या व्यायामाचा वर्ग लावा असं परवा फोनवर मी सुचवलं, तर तुम्ही म्हणालात, "महिना बाराशे देऊन वजनं उचलायची? हमाली केली तर उलट लोक पैसे देतात!" आई मागे हसत होती. तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुम्ही जन्मभर हिशेब तपासलेत, म्हणून आकड्यांतच लिहितो.

कॅनडात व्हँकुव्हरला ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. काही आठवड्यातून एकदा वजनं उचलत, काही दोनदा. उरलेल्या नुसते तोल सांभाळायचे, अंग ताणायचे व्यायाम करत. वर्षाअखेरीस लक्ष विचलित न होऊ देण्याच्या चाचणीत वजनवाल्या सरस ठरल्या. मग वर्गाचा खर्च, दवाखान्याचा खर्च, सगळं मांडलं, तर तोही त्यांचाच कमी भरला.

आता यातली खोटही सांगतो, नाहीतर तुम्हीच काढाल. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर अभ्यास झाला. दोन वर्षं चालणं-व्यायाम करणाऱ्यांची बुद्धी, नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त टिकली नाही. इंग्लंडमध्ये ४९४ जणांवर प्रयोग झाला, पण त्यांना स्मृतिभ्रंश आधीच जडला होता. व्यायामाने अंगात दम आला, विस्मरण थांबलं नाही, पैसेही वसूल झाले नाहीत. वरातीमागून घोडं!

म्हणजे खात्री कुणीच देत नाही. तरी आजोबांच्या शेवटच्या चार वर्षांची वही कपाटातून काढा. रात्रीच्या बाईचा पगार, डायपर, रिक्षा सगळं तुमच्या अक्षरात असेल. आईने बालवाडीची नोकरी सोडली, ते मात्र त्यात नाही. ते कुठल्या रकान्यात लिहिणार होतात?

दोघांचे मिळून वर्षाचे २८,८०० होतात. त्यातून स्मरणशक्तीला काहीच मिळालं नाही, तरी जिन्यावर कठडा न धरता चढता आलं तर मी समाधानी आहे. आई, तुझंही नाव घाल. "मला घरकामात व्यायाम होतो" हे ऐकणार नाही. आधी रक्तदाब दाखवून घ्या आणि हलक्या वजनांपासून सुरू करा.

आणि बाबा, हे पैसे 'औषध' खाली लिहू नका. 'किराणा' खाली लिहा.

तुमचा,
बंड्या