शेजारच्या बाईंस, मुलांच्या मामीकडून

आदरणीय बाई,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंदेची तीन मुले आणि त्यांचा एक चुलतभाऊ नागपूरहून आमच्या गिरगावातल्या चाळीत राहायला आले होते, त्या काळात आपण आमच्या घराला जो आधार दिला त्याबद्दल तोंडी आभार मानायला गेले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या माणसांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडचण यावी इतके कमी ऐकू येते, आणि सुट्टीत नातवंडे तर बहुतेक घरांत येतातच. आपण आम्हाला जे शिकवले ते त्या घरांपर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे मुलांचा मुक्काम जूनच्या अखेरीपर्यंत लांबला. पाऊस सुरू होईपर्यंत संध्याकाळी चौपाटीवर मनसोक्त धावून येत असल्याने त्यांची रग जिरत असे. पावसाने ती वाट बंद केल्यावर मात्र सगळी धावपळ दोन खोल्यांत आणि गॅलरीत येऊन कोंडली. त्यातच सासूबाईंना उजव्या कानाला श्रवणयंत्र लागून फार दिवस झाले नव्हते. आजीला ऐकू येत नाही म्हणून मुले ओरडून बोलत, त्या ओरडण्याने त्यांचे डोके ठणकू लागले की त्या यंत्र काढून ठेवीत, आणि यंत्र काढले की मुले आणखी मोठ्याने बोलत. नातवंडांची वर्षभर वाट पाहणाऱ्या सासूबाई भरदिवसा आतल्या खोलीचे दार लावून बसू लागल्या, हे मला फार लागत होते. मुलांना गप्प बसवा, असा सल्ला देणारे पुष्कळ होते. आजी आणि मुले, दोघांच्याही बाजूने विचार करणाऱ्या एकट्या आपण होता.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत आयुष्य घालवल्यामुळेच आपल्याला हे सुचले असावे. आपण मुलांना रागावला नाहीत. चौघांच्याही कानांत कापसाचे बोळे घातले, टीव्ही मोठा लावला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून एक बातमी वाचून दाखवली. आवाज येत होता, पण शब्द एकालाही सांगता आले नाहीत. मग टीव्ही बंद करून, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसून, तीच बातमी आपण नेहमीच्या आवाजात सावकाश वाचलीत, तेव्हा कापूस तसाच असूनही मोठ्या मुलीने ती जवळजवळ पूर्ण सांगितली. वयामुळे ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे कानावर पडतात. शिवाय ओरडले की ओठांची ठेवण बिघडते आणि उरलासुरला अंदाजही चुकतो, हे आपण त्यांना त्यांच्या भाषेत समजावलेत. हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सहन होत नाही, या दोन्हींच्या मधली जागाच अशा कानांत अरुंद झालेली असते, हे त्या दिवशी मलाही नीट उमगले.

त्यानंतर आपण बदाम सात मांडलात, आणि माझ्या मते खरी किमया त्या पत्त्यांनीच केली. ज्याची पाळी त्यानेच बोलायचे, बोलण्याआधी आजीकडे तोंड करायचे आणि ‘पास’ हा शब्द त्यांच्या कानातून निसटतो म्हणून तळहात वर करायचा, असे आपले नियम होते. ‘हळू बोला’ हे मी दिवसभर सांगूनही जे साधत नव्हते, ते खेळाचा नियम म्हणून मुलांनी विनातक्रार पाळले. किंबहुना नियम मोडणाऱ्याला तीच दटावू लागली. सासूबाई इस्पिकची छक्की अडवून धरीत तेव्हा होणारा कल्लोळ काही कमी नसे, पण त्या कल्लोळात त्या स्वतः होत्या.

धाकट्याने गळ्यात हात टाकले की यंत्र कुईं करून शिट्टी वाजवी, आणि त्याला ती गंमत वाटून तो पुन्हा पुन्हा तसेच करी. यंत्रातून कानात जाणारा आवाज बाहेर निसटून त्याच्याच मायक्रोफोनमध्ये परत शिरतो म्हणून ती शिट्टी वाजते, हे आपण त्याला सांगितलेत आणि आजीला डावीकडून मिठी मारायला शिकवलेत. तो अजूनही डावीकडूनच येतो.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत सासूबाईंना घेऊन जाण्याचा सल्लाही आपलाच. यंत्राची जुळणी तिथे नव्याने करून घेतल्यावर भांडी पडल्याचा आवाज आता त्यांना पूर्वीसारखा टोचत नाही. उघड्या फरशीवर आणि मोकळ्या भिंतींवर आवाज आदळून घुमतो म्हणून गोधड्या अंथरायला आणि जाड पडदे लावायला आपण सांगितलेत, त्याने खालच्या मजल्यावरच्या मंडळींनाही आराम पडला. दुपारी सासूबाई यंत्र काढून विश्रांती घेत, त्या वेळी चारही मुले आपल्या खोलीत असत. स्वतःची वामकुक्षी मोडून आपण ती सांभाळलीत, याची मला पूर्ण जाणीव आहे.

मुले दिवाळीत पुन्हा येणार आहेत, आणि या वेळी बोलावणे सासूबाईंनी स्वतः फोन करून केले आहे. फोनवरचे बोलणे त्यांना अजून नीट कळत नाही, म्हणून मोठी मुलगी व्हिडिओ कॉल लावते आणि चेहऱ्यावर उजेड येईल अशी बसून त्यांच्याशी बोलते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. आपण शिकवलेले तिने स्वतःहून पुढे नेले, एवढे आपल्या कानावर घालायचे होते.

सासूबाईंचा आपणास नमस्कार आणि मुलांचा साष्टांग नमस्कार. आपले ऋण आमचे घर विसरणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या खोलीतली, मुलांची मामी