मतदानाच्या टक्क्याचा छेद कुठला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संस्था-मंडळांच्या निवडणुकांनंतर ‘इतके टक्के मतदान’ अशी एक ओळ जाहीर होते. अंश कळतो, छेद कुणी विचारत नाही. यादीत नावे किती आणि त्यांतली आज कामात असलेली किती, हे सांगितल्याशिवाय त्या टक्क्यावरून सदस्य उदासीन आहेत की यादी जुनी आहे, हे ठरवता येत नाही. या बाबतीत डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली घडवणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांची पद्धत पाहण्यासारखी आहे.

तिथे मताधिकार असलेले सदस्य साधारण हजार. प्रकल्पप्रमुख दर वर्षी निवडला जातो. पद रिकामे होण्याच्या सहा आठवडे आधी सचिव निवडणूक जाहीर करतो: एक आठवडा उमेदवारीला, तीन आठवडे प्रचार आणि प्रश्नोत्तरांना, दोन आठवडे मतदानाला. २०१९ साली पहिल्या आठवड्यात एकही उमेदवार पुढे आला नाही, तेव्हा मुदत आठवड्याने वाढवावी लागली. प्रकल्पाच्या घटनेत तशी तरतूद आधीच होती, म्हणून वाद झाला नाही.

मतपत्रिका ई-मेलने जाते. उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा आणि आपल्या जीपीजी चावीने, म्हणजे मत आपलेच आहे हे सिद्ध करणाऱ्या खासगी संगणकीय किल्लीने, सही करायची. मते बाद होतात ती बहुतेक इथेच. कधी मेल प्रोग्रॅम ओळी मोडतो आणि सही जुळत नाही, तर कधी चावीची मुदत संपलेली असते. मुदत आयत्या वेळी वाढवूनही भागत नाही, कारण सदस्यांच्या चाव्यांचा अधिकृत संच साधारण महिन्यातून एकदाच अद्ययावत होतो. चावी उमेदवारीच्या आठवड्यातच तपासलेली बरी. मत पोचल्याची पावती मेलने येते, आणि ती आली नाही तर मुदतीत पुन्हा मत देता येते. शेवटचे मत ग्राह्य धरतात.

म्हणूनच तिथे आलेली वैध मते, प्रत्यक्ष मतदार आणि नाकारलेल्या मतपत्रिका हे आकडे वेगवेगळे छापतात. शेजारी एकूण सदस्यसंख्या आणि गणपूर्तीच्या किती पट मतदान झाले, तेही असते. बाद मते अचानक वाढलेली दिसली तर दोष मतदारांच्या उत्साहात नसून सूचनांमध्ये आहे, हे लगेच कळते.

गणपूर्तीचे सूत्र मला विशेष पटते. सदस्यसंख्येचे वर्गमूळ काढून निम्मे करायचे आणि त्याची तिप्पट घ्यायची. हजार सदस्य असतील तर वर्गमूळ ३१.६, निम्मे १५.८, तिप्पट ४७.४. म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाच्या वर उमेदवाराला ठेवणारे किमान ४८ मतदार हवेत. यादीत निष्क्रिय नावे साचली तरी ही अट सदस्यसंख्येच्या प्रमाणात फुगत नाही. ‘निम्मे सभासद हजर हवेत’ असा नियम घालून घेणाऱ्या स्वयंसेवी संस्था मात्र जुन्या यादीपायी अडकून पडतात.

२०२१ मध्ये दोन उमेदवार होते, मतदान सुमारे ४५ टक्के झाले. २०२३ मध्ये उमेदवार एकच होता, तेव्हा ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. तरीही ‘बिनविरोध’ म्हणून मतदान टाळले नाही, कारण ‘कोणीही नाही’ जिंकले तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ‘नोटा’बाबत असाच फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता, हे वाचकांना आठवत असेल.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. डेबियन संगणकावर चढवताना मराठी भाषा निवडता येते, ती स्वयंसेवकांच्या अनुवादामुळे. प्रोग्रॅमिंग न करणाऱ्या अशा कार्यकर्त्यांनाही पूर्ण सदस्यत्व द्यावे, असा ठराव २०१० मध्ये मतदानानेच झाला आहे. नियमित अनुवाद करणाऱ्यांनी सदस्यत्वासाठी अर्ज जरूर करावा. मताधिकार त्यासोबतच मिळतो.

आपला,
एक वाचक, पुणे