विषय: ‘सर्व भाग मूळ’ म्हणून विकलेला शेफिल्डचा वस्तरा परत घेण्याबाबत

व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

शिंगाच्या मुठीचा शेफिल्डचा जुना वस्तरा तुम्ही ‘सर्व भाग मूळ, जर्मन सिल्व्हरचे फुलांचे वायसर’ असं लिहून मला विकलात. वायसर म्हणजे मुठीवर खिळ्याच्या टोकाखाली बसवलेली शोभेची चकती. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. तुमच्या वायसरला चिकटतं, तेही टक्कन. शिवाय त्या फुलाभोवती शिंगावर मोठ्या गोलाचा फिकट वळ आहे, म्हणजे तिथे आधी दुसराच, मोठा वायसर होता. पात्याकडच्या खिळ्याचं टोक ठोकून गोल केलेलं नाही, त्यावर पेचकसाची खाच आहे! खालच्या टोकाचा पितळी खिळा मात्र हातोडीने ठोकलेला, आतली शिशाची पाचरही जागच्या जागी. तेवढं टोक तुमच्या हातून वाचलेलं दिसतं.

हे सगळं फोटोंसह कळवलं, तर ‘जुन्या वस्तूत थोडा फरक असतोच’ असं उत्तर आलं. आज फोनवरच्या मुलाने आधी विचारलं, “सर, वायसर कुठून गळतोय?” मी म्हटलं, वस्तरा आहे, नळ नाही. त्याने मला गाणं ऐकायला लावलं, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, “सर, पण दाढी होतेय ना?” दाढीला कोपऱ्यावरचा न्हावी आहे, म्हटलं. “मग प्रॉब्लेम काय आहे, सर?” आणि मी बोलत असतानाच ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला. या तत्परतेला तोड नाही. वस्तरा पाठवताना का नव्हती?

वायसर बदलणं हा गुन्हा नाही. जुने कारागीर हाताला लागेल तो बसवायचे. ‘बदललेला’ एवढं लिहिलं असतंत तर कमी किमतीत मी तो आनंदाने घेतला असता. पूर्वी तुम्ही प्रत्येक खिळ्याचा दोन्ही बाजूंनी फोटो टाकायचात, त्याच भरवशावर मी तुमच्याकडे यायचो. आता नुसत्या पात्याची चकाकी दाखवता.

पुन्हा सांगतो, चुंबक चिकटतं.

पूर्ण रक्कम परत हवी, कुरिअरचा खर्च तुमचा. पंधरा दिवसांत झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगात तक्रार करीन आणि तिथे चुंबक घेऊनच येईन. उत्तर लेखी द्या. त्या मुलाला फोन करायला लावू नका.